गांव वसलें कीं वसविलें ?

इंग्रजींत लिहितांना आपल्या विद्यार्थ्यांना जे शब्द फसवितात, ते बहुधा लांबलचक नसतात. लांब शब्दाला विद्यार्थी भितो. म्हणून तो कोश उघडतो, हिज्जे दोनदां ताडून पाहतो आणि मगच तो शब्द कागदावर उतरवितो. फसवितो तो ओळखीचा, आंखूड शब्द. ‘फाउंड’ हा त्यांतलाच एक. ‘फाइंड’ म्हणजे सांपडणें आणि त्याचें भूतकाळीं रूप ‘फाउंड’, हें प्रत्येकाचें लहानपणींच तोंडपाठ झालेलें असतें. पुढें इतिहासाच्या पुस्तकांत हाच ‘फाउंड’ एक स्वतंत्र क्रियापद म्हणून भेटतो. तेथें त्याचा अर्थ पाया घालणें, स्थापना करणें, गांव वसविणें असा होतो, आणि त्याचें भूतकाळीं रूप ‘फाउंडेड’ असें होतें. एका क्रियापदाचें भूतकाळीं रूप तेंच दुसऱ्याचें मूळ रूप, असा हा घोटाळा आहे. वस्तुतः दोघांचें कुळ एक नव्हे. सांपडण्याचा ‘फाइंड’ इंग्रजीच्या घरचाच आहे, आणि वसविण्याचा ‘फाउंड’ हा लॅटिन भाषेंतील ‘तळ’ ह्या अर्थाच्या शब्दापासून निघून फ्रेंच भाषेच्या वाटेनें आलेला पाहुणा आहे. एकाच आळींत एकाच नांवाचीं दोन माणसें असावींत आणि टपालवाल्यानें नेहमीं चुकीच्या दारांत पत्र टाकावें, तसें हें चाललें आहे.

भेद ध्यानांत ठेवावयास मी वर्गांत कोलंबसाचें उदाहरण देतों. १४९२ सालीं अटलांटिक महासागर ओलांडून त्याला जीं बेटें दिसलीं, त्यांच्याविषयीं लिहावयाचें तर ‘फाउंड’. परंतु १४९४ च्या आरंभीं हिस्पॅनिओला बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर त्यानें ‘ला इझाबेला’ नांवाची वसाहत घातली, तेथें मात्र ‘फाउंडेड’. एकच मनुष्य, एकच बेट. पण पहिली गोष्ट डोळ्यांनीं झाली, दुसरी हातांनीं. (बेटावर राहणाऱ्या लोकांना आपण कधीं हरवलों होतों असें वाटत नव्हतें, ही गोष्ट निराळी, तिच्याकडे पुढें येतोंच.)

हल्लीं पुष्कळ विद्यार्थी संगणकावर निबंध लिहितात, आणि हिज्जे चुकले तर यंत्र शब्दाखालीं तांबडी रेघ ओढतें, ह्या भरंवशावर असतात. ‘फाउंड’ लिहिला तर अशी रेघ बहुधा उमटत नाहीं, कारण तो शब्द स्वतः निर्दोष आहे. दोष आहे तो त्याच्या जागेचा. कोल्हापूरच्या शाहूमहाराजांनीं १९१७ सालीं आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे ह्यांच्या नांवानें जयसिंगपूर वसविलें. ह्या वाक्याच्या इंग्रजी भाषांतरांत ‘एड’ एवढीं दोन अक्षरें गळालीं, कीं अर्थ असा होतो कीं महाराज शिकारीस निघाले होते आणि वाटेंत त्यांना जयसिंगपूर पडलेलें सांपडलें ! १९१० सालीं औंध संस्थानांतील निवडुंगानें माजलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं जी किर्लोस्करवाडी उभारली, तिचेंही तेंच. माळ त्यांना मिळाला. वाडी मिळाली नाहीं, ती करावी लागली.

आणखी एक-दोन खोडी सांगून व्याकरण आटोपतों. ‘फाउंड’ ह्या क्रियापदाचें कर्म गांव, शाळा, राज्य, घराणें असें कांहीं तरी असावें लागतें. माणसें किंवा जमीन हें त्याचें कर्म होऊं शकत नाहीं. त्यांच्यासाठीं ‘सेटल’ आहे. लोक एखाद्या मुलखांत ‘सेटल’ होतात, किंवा कोणी त्यांना तेथें ‘सेटल’ करतो; तो त्यांना ‘फाउंड’ करीत नाहीं. दुसरी खोड आमच्या गांवाच्या नांवानेंच दरवर्षीं उत्तरपत्रिकांत उतरते : ‘पुसद इज फाउंडेड ऑन द रिव्हर पूस.’ इंग्रजी वाचकाला ह्यावरून वाटेल कीं आमचे पूर्वज नदीच्या पात्रांतच पाया खोदून बसले. तेथें ‘स्टँड्स’ किंवा ‘इज सिच्युएटेड’ म्हणावें. पण ही दुसरी खोड कोठून येते हें पाहूं लागल्यावर मला व्याकरणापेक्षां अधिक कांहीं तरी दिसूं लागलें, आणि हा लेख त्यासाठींच आहे.

मराठींत आपण म्हणतों, ‘पुसद पूस नदीच्या कांठीं वसलें आहे.’ ह्या वाक्याला कर्ता कोण ? गांव स्वतःच. ‘वसलें’ ह्या शब्दांत गांव कोठें आहे हें आलें, त्यांत माणसें राहतात हें आलें, आणि केव्हां तरी तीं येऊन राहिलीं हेंही आलें. कोणी आणलीं, केव्हां आणलीं, ह्याची चौकशी हा शब्द करीत नाहीं. पारावर कोणी येऊन बसावें आणि आपण त्याला सरकून जागा द्यावी, तसें गांव भूमीवर येऊन बसतें. इंग्रजी ‘फाउंडेड’ इतका सोशिक नाहीं. तो लिहितांच वाचक विचारतो, कोणीं आणि कोणत्या सालीं ? म्हणून ‘वसलें’ ह्याच्या जागीं ‘वॉज फाउंडेड’ लिहिणारा विद्यार्थी, आपल्या ध्यानींमनीं नसतांना, एक असें विधान करून बसतो कीं ज्याचा पुरावा त्याच्यापाशीं नसतो.

मराठीला कर्ता सांगतांच येत नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. ‘वसविणें’ आहे, ‘बसविणें’ आहे. जुन्या दप्तरांत पेठ बसविल्याचे जे कागद आहेत, त्यांवरून ह्या शब्दाचा भार कळतो. नवी पेठ बसवावयाची तर सरकारांतून शेट्यास कौल मिळे. येणाऱ्या उदम्यांना कांहीं वर्षें जकात माफ, घरपट्टी माफ. पडीत जमीन लागवडीस आणणाऱ्याला ‘इस्तावा’, म्हणजे पहिल्या वर्षीं नाममात्र सारा आणि मग दरसाल चढता. पांढरी आंखावयाची, म्हणजे घरांची जागा. काळी नेमावयाची, म्हणजे शेताची. कुंभार, तेली, लोहार, सुतार ह्यांना बोलावून आणावयाचें, आठवड्याच्या बाजाराचा वार ठरवावयाचा. कौलाची मुदत संपल्यावरही लोक उठून गेले नाहींत, म्हणजे पेठ बसली ! आधीं ‘बसविली’ आणि मग ‘बसली’. दोहोंच्या मध्यें वर्षेंच्या वर्षें गेलेलीं असत. इंग्रजी वाक्याला एकच साल हवें असतें, आणि तें घालावयाचें तर कौलाचें घालावें कीं पेठ खरोखर नांदूं लागली तेव्हांचें घालावें, हा प्रश्न लिहिणाऱ्यानें स्वतःशीं सोडवावा लागतो.

उलट बाजूचा शब्दही आपल्याकडे आहे. ज्या गांवांत दिवा लागत नाहीं तें ‘बेचिराख’. आपल्या विदर्भांत अशा ओसाड गांवठाणाला ‘रिठी’ म्हणतात. कागदोपत्रीं मौजा असतो, हद्दी असतात, शेतें पिकतात, पण माणूस राहत नाहीं. हीं गांवें केव्हां तरी वसलेलीं होतीं. सांथ, दुष्काळ किंवा लूट ह्यांपैकीं कशानें तरी तीं उठलीं. अशा रिठीवर पुन्हां वस्ती झाली तर तिला काय म्हणावयाचें ? पुण्याचें उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १६३० च्या सुमारास आदिलशाही फौजेनें पुणें उध्वस्त करून त्यावर गाढवाचा नांगर फिरविला, आणि पुढें जिजाऊसाहेब व बाल शिवाजी ह्यांनीं तेथें सोन्याचा नांगर धरिला, असें परंपरा सांगते. परंतु पुण्याचें नांव त्याच्याही कितीतरी शतकें आधींच्या, आठव्या शतकांतील राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत आलें आहे. म्हणून जिजाऊंनीं पुणें ‘फाउंड’ केलें असें लिहिणें त्यांच्या गौरवाचें दिसलें तरी खरें नव्हे. त्यांनीं तें पुन्हां वसविलें, आणि उठलेलें गांव पुन्हां वसविणें हें रिकाम्या माळावर पेठ बसविण्याहून सोपें असतें, असें मला वाटत नाहीं. कारण पळून गेलेल्या माणसाच्या मनांतली भीति आधीं उठवावी लागते.

आतां आपल्या तालुक्याकडे वळूं. येथें ह्या शब्दाची खरी कसोटी तांड्यापाशीं लागते. लमाण अथवा बंजारा समाजाचे तांडे मूळचे चालते. बैलांच्या पाठीवर गोणी लादून धान्य व मीठ ह्यांची नेआण करावी, हा त्यांचा पिढीजाद धंदा. मोगल, मराठे, इंग्रज ह्या सर्वांच्या फौजांना त्यांनीं रसद पुरविली आहे. तांडा म्हणजे हा चालता समुदाय. तो एखाद्या ठिकाणीं उतरत असे, वसत नसे. पुढें पक्क्या सडका झाल्या. १८६७ सालीं आगगाडी वऱ्हाडांतून नागपुरास पोंचली. आणि बैलाच्या पाठीवरची गोणी मालगाडीच्या डब्यांत गेली. धंदा बुडाला, तसा एकेक नायक आपल्या माणसांसह पाणी आणि चारा पाहून कायमचा राहूं लागला. वस्ती स्थिर झाली, परंतु नांव ‘तांडा’ हेंच राहिलें. पुष्कळ ठिकाणीं त्याला त्या नायकाचें नांवही जोडलें गेलें. चालणाऱ्याचें नांव न चालणाऱ्याला मिळाल्याचें असें दुसरें उदाहरण मला सुचत नाहीं.

नववीच्या एका बंजारा विद्यार्थ्यानें ‘माझें गांव’ ह्या विषयावर इंग्रजींत निबंध लिहिला होता. त्यांत ओळ होती, कीं माझ्या पणजोबांनीं आमचा तांडा ‘फाउंड’. मीं शब्दाखालीं रेघ ओढली, पुढें ‘एड’ हीं अक्षरें लिहिलीं आणि वही परत केली. योगायोगानें पालकसभेला त्या मुलाचे आजोबा आले होते. पांढरें धोतर, तांबडें पागोटें, कानांनीं थोडे जड. मुलाची प्रगति विचारून झाल्यावर मीं त्यांना ही वही दाखविली आणि दोन शब्दांतील भेद आपल्या भाषेंत समजावून सांगितला. म्हातारे खळखळून हंसले.

“गुरुजी, तांडा कसा सांपडंल ? सांपडतो तो चुकलेला बैल.”

“तेंच मी म्हणतों, बाबा. तांडा तुमच्या वडिलांनीं वसविला.”

“वसविला खरा. पण आधीं सांपडलं होतं हो कांहीं तरी. पाणी सांपडलं होतं. उन्हाळ्याचे दिवस. नाल्याच्या वाळूंत झिरा उकरला, तर हातभर खालीं पाणी लागलं. मग गोणी उतरविल्या. त्या उतरविल्या त्या पुन्हां लादल्याच नाहींत.”

मी क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिलों. कौल नाहीं, इस्तावा नाहीं, सोन्याचा नांगर नाहीं. एका संध्याकाळीं उतरविलेल्या गोणी दुसऱ्या सकाळीं कोणी बैलावर चढविल्या नाहींत, एवढ्यानें एक गांव झालें. मीं तेथेंच वहींत मुलाकडून नवें वाक्य लिहवून घेतलें : माझ्या पणजोबांना नाल्यांत पाणी ‘फाउंड’, आणि त्यांनीं तेथें तांडा ‘फाउंडेड’. दोन्ही शब्द एका ओळींत आणि दोन्ही आपापल्या जागीं. ह्याहून चांगलें उदाहरण मला कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकांत आढळलेलें नाहीं. मुलगा वही घेऊन निघाला, तसे म्हातारे पुन्हां म्हणाले, “पण एक लिहा म्हणावं त्याला. नाल्याच्या पल्याड आंधांचीं चार घरं पहिल्यापासूनच होतीं. झिरा कुठं उकरायचा तें त्यांनींच दाखविलं.”

ह्या शेवटल्या वाक्यानें माझी कित्येक दिवस झोंप मोडली. तांडा वसविला हें खरें. जागा वसविली हें खरें नव्हे. पुसद-उमरखेडच्या ह्या भागांत आंध लोक राहतात. आपल्याच जिल्ह्यांत गोंड आहेत, कोलाम आहेत. कोलामांच्या वस्तीला ‘पोड’ म्हणतात, पारध्यांच्या वस्तीला ‘बेडा’, बंजाऱ्यांच्या ‘तांडा’. इंग्रजींत ह्या सर्वांना एकच ‘सेटलमेंट’ म्हणून मोकळें होतां येतें, आणि भाषांतर करणारा तसा मोकळा होतोही. पण पोड जाळीझुडपांत कोणाच्या आधीं होता आणि तांडा त्याच्या शेजारीं केव्हां उतरला, हें त्या एका शब्दांत बुडून जातें. मोठ्या शहरांच्या बाबतींत हेंच मोठ्या प्रमाणावर झालें आहे. १६६९ ते १६७७ पर्यंत मुंबईचा कारभार पाहणाऱ्या जेराल्ड आंजिए ह्या इंग्रज गव्हर्नराला मुंबईचा ‘फाउंडर’ म्हणण्याची रूढी आहे. त्यानें त्या बेटांवर व्यापारी शहराची घडी बसविली, हें नाकारूं नये. पण कोळीवाडे त्याची वाट पाहत उभे राहिले होते, असें थोडेंच आहे ? मलिक अंबरानें १६१० सालीं जें नगर वसविलें आणि जें पुढें औरंगाबाद व अलीकडे, २०२३ पासून, छत्रपति संभाजीनगर ह्या नांवानें ओळखलें जातें, त्याच्या जागींही खडकी नांवाचें गांव आधीं होतेंच. अशा ठिकाणीं लिहिणाऱ्यानें एक वाक्य अधिक खर्चावें : ‘खडकी ह्या जुन्या गांवाच्या जागीं मलिक अंबरानें नगर वसविलें.’ वाक्य चार शब्दांनीं लांबलें म्हणून मलिक अंबराचें कांहीं कमी होत नाहीं.

कर्त्याचें नांव गाळणें हाही दोषच आहे, आणि तो आपल्या मुलांकडून अधिक होतो. गहुली हें आपल्या पुसद तालुक्यांतलें गांव. १ जुलै १९१३ रोजीं तेथें जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचे पुतणे सुधाकरराव हेही १९९१ ते १९९३ ह्या काळांत त्याच पदावर होते. इतकें सर्व विद्यार्थ्यांना पाठ असतें. पण गहुली वसविण्याचें श्रेय वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग ह्यांना दिलें जातें, हें फारच थोडे जण सांगतात. ते ‘गहुली वसली आहे’ एवढ्यावर थांबतात. येथें ‘वसलें’ हा शब्द सोशिकपणा सोडून चक्क विसराळूपणा करतो. तांड्याच्या नायकाला ‘नाईक’ म्हणतात आणि पुढें तेंच घराण्याचें आडनांव होतें, एवढें जरी ध्यानांत आलें, तरी वाक्याला कर्ता मिळेल.

‘सेटलमेंट’ ह्या शब्दाविषयीं आणखी थोडें सांगितल्यावांचून राहवत नाहीं, कारण त्याचें एक रूप पालकांपैकीं कित्येकांना अधिक परिचयाचें असेल. जमिनीची मोजणी करून तीस वर्षांसाठीं सारा ठरवावयाचा, ह्यालाही ‘सेटलमेंट’च म्हणत, तो शब्द आमच्या वऱ्हाडांतल्या शेतकऱ्यांना चांगला ठाऊक होता. भांडण मिटविणें हीही ‘सेटलमेंट’. आणि १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याच्या आधारें पुढें ज्या वसाहती झाल्या, त्यांनाही हेंच नांव मिळालें. सोलापूरची तसली वसाहत प्रसिद्ध आहे. भोंवतीं तारेचें कुंपण, दररोज हजेरी. परवान्यावांचून बाहेर पडावयाचें नाहीं. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, कुंपण गेलें, पण त्या भागाला ‘सेटलमेंट’ म्हणण्याची लोकांची संवय गेली नाहीं. ह्या वसाहती सरकारनें ‘फाउंड’ केल्या असें लिहिलें, तर व्याकरणदृष्ट्या त्यांत एका अक्षराचाही दोष काढतां येणार नाहीं. तरी पण ज्या ठिकाणाहून उठून जाण्याची मोकळीक नाहीं, त्या ठिकाणीं मनुष्य वसला असें म्हणावयास माझी मराठी धजत नाहीं. तेथें ‘डांबणें’ हा शब्द आहे आणि तोच वापरावा. उलट त्या म्हाताऱ्या बाबांच्या वडिलांनीं मनांत आणलें असतें, तर दुसऱ्या दिवशीं गोणी पुन्हां लादतां आल्या असत्या.

यंदाच्या निबंधांत एका मुलीनें मला नवीनच कोड्यांत टाकलें. पैनगंगेवर इसापूरचें धरण झालें, तेव्हां कांठचीं कित्येक गांवें पाण्याखालीं गेलीं आणि लोकांना दुसरीकडे जागा मिळाल्या. तिचें आजोळ अशा गांवांपैकीं. तिनें प्रथम ‘फाउंडेड’ लिहून खोडलें होतें, मग ‘सेटल्ड’ लिहून तेंही खोडलें होतें. शेवटीं तिनें लिहिलें तें असें : आमचें गांव उचलून दुसरीकडे ठेवलें, मारुति नवीन देवळांत आला, पण चिंचेचें झाड येऊं शकलें नाहीं. मीं त्या ओळीखालीं रेघ ओढली नाहीं. शेजारीं फक्त एवढेंच विचारलें, कीं उचललें कोणीं. आणि वही तिच्या आजीकडे पाठविली.